गच्चीवरचा ठेका

गेल्या वर्षीच्या श्रावणातील गोष्ट. मधल्या सुट्टीत शाळेच्या गच्चीवर कोणीतरी पाय आपटीत असल्याची तक्रार खालच्या वर्गातून आली, म्हणून मी जिना चढून वर गेले. पावसाची एक सर नुकतीच येऊन गेली होती. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला नववीतील एक मुलगा एकटाच नाचत होता. परंतु तो नाच माझ्या ओळखीचा नव्हता. त्यात गरब्याच्या गिरक्या नव्हत्या, की लेझमीची पावले नव्हती. एकाएकी त्याचा खांदा थरथरे. ती थरथर कोपरातून मनगटात उतरे, बोटांच्या टोकाशी येऊन क्षणभर थांबे आणि जणू हवेतून उडी मारून दुसऱ्या हाताच्या बोटांत शिरे. संगीत कोठेच नव्हते. तो तोंडातल्या तोंडात एकापासून आठापर्यंत अंक मोजीत होता.

मी काही क्षण पाहतच राहिले, हे आज कबूल करते. त्या वेळी मात्र मी त्याला दरडावून खाली पिटाळले. पुढचा तास माझाच होता. मी समासाचा एक साधा प्रश्न त्याला विचारला. तो त्याला आला नाही. तेव्हा मी म्हणाले, “मेंदूचे काम पायांवर सोपविले, की असेच व्हायचे!” सारा वर्ग खदखदून हसला. स्वतःच्या विनोदावर मीही थोडीशी खूष झाले. तो मुलगा मान खाली घालून बसला आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत येईनासा झाला.

पाचव्या दिवशी त्याचे वडील आले. पांडेसऱ्यातील कापड रंगविण्याच्या मिलमध्ये ते काम करतात. बारा तासांची रातपाळी संपवून तसेच परस्पर आले होते. नखांच्या कडांना निळा रंग अजून तसाच होता. खुर्चीच्या अगदी काठावर बसून ते म्हणाले, “बाई, पोऱ्या म्हणतो शाळेत जाणार नाही, नाचच करणार. तुम्ही शिकलेल्या आहात. खरं सांगा, त्या नाचात पोट भरतं का?”

प्रश्न सरळ होता आणि माझ्यापाशी त्याचे उत्तर नव्हते. मी कला शाखेची पदवीधर. कथक, भरतनाट्यम्, लावणी यांविषयी दोन शब्द मी सहज बोलले असते. परंतु ‘हिप-हॉप’ हा माझ्या लेखी दूरचित्रवाणीवरचा एक गोंगाट होता. “मला आठ दिवस द्या,” एवढेच मी त्यांना म्हणाले. त्या आठ दिवसांत आणि पुढेही जे मी वाचले, पाहिले व विचारले, ते आज तुमच्यापुढे ठेवीत आहे.

विद्यार्थिमित्रांनो, या नाचाचे कूळ मोठे मजेदार आहे. न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉंक्स नावाच्या भागात, सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने मेजवानी ठरविली. शाळा उघडण्यापूर्वी नवे कपडे घ्यायचे होते, त्यासाठी थोडे पैसे जमवावेत, एवढाच तिचा हेतू होता. तबकड्या वाजविण्याचे काम तिच्या भावाकडे होते. त्याचे नाव क्लाइव्ह कॅम्पबेल. जमेका बेटातून आलेल्या कुटुंबातील हा मुलगा पुढे डीजे कूल हर्क या नावाने प्रसिद्ध झाला. त्याने एक गोष्ट हेरली होती. गाण्यात मध्येच शब्द व सूर थांबतात आणि नुसते ढोल-ताशासारखे तालवाद्य घुमत राहते. नेमक्या त्याच जागेची नाचणारी मुले वाट पाहत असतात. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावून तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजविला आणि काही क्षणांचा ताल मिनिटांपर्यंत लांबविला. त्या ‘ब्रेक’वर नाचणारे ते ‘बी-बॉय’. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून आज तोच दिवस मानतात. म्हणजे ज्या नाचामुळे माझा विद्यार्थी शाळा सोडू पाहत होता, तो मुळात शाळेच्या कपड्यांसाठी मांडलेल्या मेजवानीतून निघाला होता!

त्याच दशकात अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियात, स्नायू झटक्याने आवळून सोडण्याचा ‘पॉपिंग’ हा प्रकार आणि चालत्या अंगाला एकदम कुलूप घातल्यासारखे थांबविण्याचा ‘लॉकिंग’ हा प्रकार तयार झाला. गच्चीवर मी पाहिलेली थरथर या घराण्यातील होती. ज्यांना नाट्यगृह नव्हते, गुरुकुल नव्हते, त्यांनी रस्त्याचा कोपरा हेच रंगपीठ मानले. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये हाच ‘ब्रेकिंग’ प्रकार क्रीडास्पर्धा म्हणून प्रथमच खेळला गेला; पुरुषांत कॅनडाच्या आणि स्त्रियांत जपानच्या स्पर्धकाने सुवर्णपदक मिळविले.

परंतु ब्रॉंक्स फार दूर. त्या वडिलांना पटेल असे उदाहरण मला जवळचे हवे होते, आणि ते सापडले आपल्या सुरतेहून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवरील वडोदऱ्यात.

वडोदरा हे नाचाचे मोल जाणणारे गाव. १८८० साली सयाजीराव महाराजांचा विवाह तंजावरच्या राजकन्येशी झाला, तेव्हा तिच्याबरोबर तंजावरच्या नर्तकींचा ताफा बडोद्यास आला. १८८६ साली महाराजांनी गायनशाळा काढली, आणि आजही त्यांच्या नावाच्या विद्यापीठात नृत्याची पदवी घेता येते. असे हे शहर. परंतु या शहरातील चहाच्या टपरीवाल्याचा मुलगा जो नाच शिकला, त्याला ना राजाश्रय होता, ना पदवी. त्याचे नाव धर्मेश येलांडे. आडनाव ऐकताच मराठी कान टवकारतात.

त्याने आपली हकीकत अनेकदा सांगितली आहे. वडिलांचे दुकान नगरपालिकेने पाडले, तेव्हा त्यांनी चहाची टपरी टाकली. दिवसाला मिळणाऱ्या थोड्याशा पैशांत घर चाले, तरी मुलाच्या शिक्षणासाठी ते पै-पै बाजूला ठेवीत. आणि मुलाच्या पायांतील ओढ ओळखून त्यांनीच त्याला लहानपणी नृत्याच्या वर्गात घातले. पुढे परिस्थितीमुळे त्याला महाविद्यालय सोडावे लागले. त्याने शिपायाची नोकरी धरली. दिवसा फायली पोचवायच्या आणि उरलेल्या वेळात लहान मुलांना नाच शिकवायचा, असा त्याचा क्रम होता. ‘बूगी वूगी’ हा नृत्यस्पर्धेचा कार्यक्रम १९९६ पासून दूरचित्रवाणीवर चालत असे. तेथे त्याला यश मिळाले आणि त्या बक्षिसाच्या पैशांतून घरचे कर्ज फिटले.

एवढ्यावर गोष्ट संपली असती, तर ती परीकथा झाली असती. तो मुंबईस गेला. जवळचे पैसे संपले. समूहात मागच्या रांगेत नाचण्याची कामे केली. रिकाम्या हाताने परत आला. मग २००९ च्या डिसेंबरात ‘डान्स इंडिया डान्स’चे दुसरे पर्व सुरू झाले, आणि २०१० च्या एप्रिलमधील अंतिम फेरीपर्यंत तो पोचला. विजेतेपद शक्ती मोहन हिला मिळाले. परंतु हरलेल्या धर्मेशला लोक विसरले नाहीत. २०१३ साली रेमो डिसूझा यांच्या ‘एबीसीडी’ या नृत्यपटात तो पडद्यावर आला आणि २०१५ साली ‘डान्स प्लस’ या कार्यक्रमात तो इतरांना घडविणारा मार्गदर्शक म्हणून बसला. मुलगा नावारूपाला आल्यावरही वडिलांनी टपरीचे काम सोडले नाही, असे त्याने सांगितले आहे. मला ही गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते.

याच ‘डान्स प्लस’मध्ये धर्मेशच्या खुर्चीसमोर, हातात ध्वनिक्षेपक घेऊन, आणखी एक तरुण उभा असे. तो राघव जुयाल. हा डेहराडूनचा. याला तर कोणताही नृत्यवर्ग लाभला नाही. पाहून पाहून तो शिकला. काळ मंदावला आहे असा भास व्हावा, इतक्या सावकाश अंग हलविण्याची विद्या त्याने कमावली. २०११-१२ च्या ‘डान्स इंडिया डान्स’च्या तिसऱ्या पर्वात तो अंतिम फेरीपर्यंत गेला. विजेता तोही झाला नाही. परंतु तेथे लोकांना त्याचा दुसरा गुण दिसला. तो हसवी, हजरजबाबीपणे बोले, रडणाऱ्या स्पर्धकाला क्षणात मोकळे करी. अशा रीतीने नाचणारा निवेदक झाला. पुढे २०२४ साली प्रदर्शित झालेल्या ‘किल’ या चित्रपटात त्याने क्रूर खलनायकही रंगविला.

निवेदकाचे काम म्हणजे केवळ नावे पुकारणे, अशी माझी समजूत होती. लक्षपूर्वक पाहू लागले, तेव्हा ती दूर झाली. मंचामागे घाबरून उभ्या असलेल्या मुलाला धीर देणे, परीक्षकाच्या कठोर शब्दानंतर सभागृहातील ताण हलका करणे, एका नाचाचे नेपथ्य उचलून दुसऱ्याचे मांडेपर्यंत प्रेक्षकांना धरून ठेवणे, आणि हे सारे घड्याळाच्या काट्याशी बांधून घेऊन करणे. जो स्वतः त्या मंचावर घामाघूम होऊन उभा राहिला आहे, त्याला स्पर्धकाच्या पोटातील गोळा आतून ठाऊक असतो. नर्तक चांगला निवेदक होऊ शकतो, त्याचे कारण हेच असावे. परंतु पायांचे काम येथे जिभेला करावे लागते. आणि जीभ घसरली, तर तिला सावरणे पायापेक्षा अवघड.

राघवच्याच बाबतीत हे घडले. २०२१ सालच्या नोव्हेंबरात ‘डान्स दीवाने’ या कार्यक्रमातील त्याच्या निवेदनाचा एक तुकडा सर्वत्र पसरला. गुवाहाटीहून आलेल्या एका बालस्पर्धकाची ओळख करून देताना त्याने चिनी भाषेची नक्कल वाटावी असे निरर्थक शब्द उच्चारले होते. ईशान्य भारतातील लोकांना ते फार लागले. आसामच्या मुख्यमंत्र्यांनीही त्याचा जाहीर निषेध केला. त्या शब्दखेळाची सुरुवात त्या मुलीच्याच गमतीतून झाली होती, असा खुलासा राघवने केला. तरीही दुखावलेल्यांची त्याने क्षमा मागितली. त्याच्या मनात वाईट नसेलही. परंतु स्वतःच्याच देशात परके म्हणून हिणविले जाण्याचे दुःख ज्यांनी सोसले आहे, त्यांना विनोद करणाऱ्याचे मन दिसत नाही. शब्द तेवढे ऐकू येतात.

हे वाचीत असताना माझे हात थांबले. माझ्याच वर्गातील ते हसणे मला पुन्हा ऐकू आले.

आणि त्याच्याही मागचे एक हसणे आठवले. माझ्या घरची भाषा कोकणी. मी पाचवीत असताना गुरुजींनी फळ्यावर गणित सोडविण्यास सांगितले, आणि गोंधळून माझ्या तोंडून “म्हाका येना” असे निघून गेले. गुरुजींनी ते तसेच्या तसे, हेल काढून म्हणून दाखविले. वर्ग हसला. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनाही आपला विनोद आवडला असावा. परंतु पुढे वर्षभर मी वर्गात तोंड उघडले नाही. हे सारे भोगूनही मी तेच केले होते. वर्गापुढे उभा राहणारा शिक्षकही एक प्रकारचा निवेदकच नव्हे काय? समोर बसलेल्यांना हसविण्याची सत्ता त्याच्या हाती असते, आणि कोणाला हसायचे हेही तोच ठरवितो.

आठ दिवसांनी ते वडील पुन्हा आले. मी म्हणाले, “भाऊ, नाचात पोट भरते, पण सगळ्यांचे नाही, आणि लवकर तर नाहीच. स्पर्धेत पहिला एकच येतो. बाकीचे कोणी नाच शिकवितात, कोणी दुसऱ्यांचे नाच बसवितात, कोणी मागच्या रांगेत नाचतात, कोणी बोलण्याच्या कामात शिरतात. पुष्कळ जण काही वर्षांनी दुसरा धंदा धरतात. गुडघा दुखावला, तर सहा महिने घरी बसावे लागते. म्हणून दहावी सुटता कामा नये. पण त्याचा नाच बंदही करू नका. वडोदऱ्याच्या त्या मुलाने शिपायाची नोकरी धरली, तरी नाच सोडला नव्हता.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पोऱ्या तुमच्यावर रुसला आहे, बाई.” मी म्हणाले, “त्याला पाठवा. रुसवा काढणे माझे काम.”

तो आला. साऱ्या वर्गासमोर मी सांगितले, की त्या दिवशी मी जे बोलले ते चुकीचे होते. पाय मेंदूवाचून हलत नाहीत, आणि आठ मात्रांत खांद्यापासून बोटापर्यंत एक एक सांधा वेगळा हलविणे हे स्मरणशक्तीचेच काम आहे. कोणी हसले नाही. त्याने मान वर केली नाही. क्षमा मागितली म्हणजे ती मिळतेच असे नाही, हे मला त्या दिवशी समजले. मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळा सुटल्यावर त्याला सभागृहात एक तास सरावाची मोकळीक मिळाली. अट एकच, गृहपाठ पुरा हवा. पंधरा दिवसांनी तो आपण होऊन माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, “बाई, निवेदक व्हायला काय काय यावं लागतं?”

मी त्याला म्हणाले, “तुला निम्मे येतेच.” त्याला नवल वाटले. परंतु विचार करा: आपल्या शाळेतील कितीतरी मुले घरी अहिराणी बोलतात, वर्गात मराठी, गल्लीत गुजराती आणि दूरचित्रवाणीपुढे हिंदी. चार भाषांच्या उंबरठ्यांवरून दिवसभर ये-जा करणाऱ्या मुलाला कोणाशी कोणत्या शब्दांत बोलावे याचे भान आपोआप येते. जे आपण उणे समजतो, ती निवेदकाची शिदोरी आहे. उरलेले निम्मे म्हणजे वाचन, स्पष्ट उच्चार आणि समोरच्याविषयी आदर. मग तोच मुलगा, ज्याला समास नकोसा वाटे, तो निबंधाच्या वहीत वाक्ये खोडून खोडून लिहू लागला.

यंदाच्या स्नेहसंमेलनात निवेदनाचे काम आम्ही त्याच्यावर सोपविले. सुरुवातीला तो अडखळला. पाहुण्यांच्या नावाआधीचे ‘आदरणीय’ दोनदा म्हणून गेला. पुढे मात्र रंग भरला. मध्यंतरापूर्वी पाचवीची एक चिमुकली एकटीच नाचायला आली. गाणे सुरू झाले आणि ती पावले विसरली. दोन्ही हात गळ्याशी घेऊन ती थिजून उभी राहिली. मागच्या बाकांवरून हसण्याची पहिली लहर उठली. मी पडद्याच्या कडेला होते. माझ्या काळजात चर्र झाले. त्याच्या हातात ध्वनिक्षेपक होता. एक विनोद केला असता, तर सारे सभागृह त्याचे झाले असते. त्याने ध्वनिक्षेपक खाली ठेवला, तो तिच्याजवळ गेला, गुडघ्यावर बसला आणि तिच्या डोळ्यांत पाहत हळूच म्हणाला, “पाच, सहा, सात, आठ.” आणि तिचा पाय उचलला गेला. संपूर्ण गाणे संपेपर्यंत तो मंचाच्या कोपऱ्यात बसून बोटांनी मात्रा मोजीत राहिला. हसणे केव्हा थांबले, ते कोणाला कळलेही नाही.

सभागृहाच्या दारापाशी, अगदी मागे, त्याचे वडील उभे होते. रातपाळीला जायचे असल्याने डबा हातातच होता. ते काही बोलले नाहीत. कार्यक्रम संपण्यापूर्वीच त्यांना निघावे लागले.

तो मुलगा यंदा बोर्डाच्या परीक्षेस बसत आहे. तो पुढे धर्मेशसारखा नाचेल, राघवसारखा बोलेल, की वडिलांच्या मिलमध्ये किंवा एखाद्या कचेरीत काम करील, हे मी सांगू शकत नाही. तसे भविष्य सांगणे हे शिक्षकाचे काम नव्हे. गच्चीवर पाय आपटल्याचा आवाज अधूनमधून येतो. मी जिना चढून जाते, परंतु अलीकडे शेवटच्या पायरीवर थांबते आणि त्याचे आठ अंक मोजून झाले, म्हणजे मगच हाक मारते.